माईंचे गाव, ताईंचे गाणे आणि आमची आत्या

बुधवार, १७ मे २०१७

शास्त्रीय गायिका किशोरी आमोणकर ३ एप्रिलच्या रात्री मुंबईत, प्रभादेवीच्या राहत्या घरी, झोपेतच गेल्या. त्याआधी थोडेच दिवस त्या दिल्लीत गायल्या होत्या आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचा वाढदिवस होता, त्यामुळे आमच्यासारख्या श्रोत्यांना ती बातमी खरी वाटायलाच वेळ लागला. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने लिहिली, आणि ओळखीच्या सगळ्यांचे ‘सहेला रे’ एकमेकांना पाठवून झाले. मला मात्र त्या गडबडीत बोलायला एकच माणूस हवे होते, आणि ते २०१२ सालीच गेले होते. माझी आत्या किशोरीताईंची भक्त होती असे लिहिले तर तिला ते मुळीच चालले नसते. ती भक्त होती गायिका मोगूबाई कुर्डीकरांची, म्हणजे किशोरीताईंच्या आईची आणि गुरूची. किशोरीताईंशी तिचे वर्षानुवर्षे भांडण चालू होते. ते अर्थातच एकतर्फी होते आणि त्यात दुसरी बाजू मांडण्याचे काम माझ्याकडे असे.

मोगूबाईंचे जन्मगाव कुर्डी पाहावे अशी आत्याची फार इच्छा होती. गोव्याच्या सांगे तालुक्यातले हे गाव साळावली धरणाच्या जलाशयात बुडाले आणि आता उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी खूप खाली गेले म्हणजे, काही आठवड्यांपुरते उघडे पडते. हा तपशील आत्याला कोणी सांगितलेला नव्हता. निवृत्तीनंतर शाळेतल्या मैत्रिणींबरोबर ती गोव्याला गेली ती नेमकी डिसेंबरात. टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालून धरणापर्यंत पोहोचली आणि काठोकाठ भरलेला जलाशय बघून परत आली. “कुर्डी पाहिलीस का?” असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “पाहिली की. वरून.”

म्हणून मी मे महिना निवडला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून रात्री अकरानंतर सुटणाऱ्या कोकणकन्येचे तिकीट मिळाले. पिशवीत चार कपडे आणि किशोरीताईंच्या ‘स्वरार्थरमणी’ची आत्याची प्रत एवढेच सामान आहे. पुस्तक मी आजवर उघडले नव्हते, कारण त्याच्या समासांत तिने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे हे मला माहीत होते.

गुरुवार, १८ मे

रत्नागिरी झोपेत गेले. वैभववाडीच्या आसपास उजाडले तेव्हा खिडकीबाहेर करपलेले सडे आणि काजूची झाडे दिसत होती, आणि डब्यात चहावाल्यांची वर्दळ सुरू झाली होती. मी पुस्तक उघडले. राग आणि रस यांचा संबंध, श्रुती, स्वरांचे आपापसांतले नाते अशा विषयांवरचे हे लेखन आहे आणि ते सोपे नाही. आत्याने ते शाळेच्या वह्या तपासाव्यात तसे तपासले होते. एका ठिकाणी “पटत नाही” असे होते, एका ठिकाणी “मग लयीचे काय?” असे होते, आणि त्यानंतर बरीच पाने नुसत्याच उभ्या रेघा होत्या, ज्या ती फक्त पटलेल्या मजकुराशेजारी ओढत असे. एका समासात लिहिले होते, “माईंना विचारायला हवे होते.” मोगूबाईंना त्यांचे शिष्य माई म्हणत. आत्या त्यांची शिष्या नव्हती. पण गिरगावात राहत असताना ती माईंच्याच जयपूर घराण्याची तालीम मिळालेल्या एका बाईंकडे काही वर्षे शिकली होती आणि तेवढ्या नात्यावर तिने माईंना आपलेसे करून टाकले होते.

तिचे शिकणे कसे थांबले हे घरात मोकळेपणाने कोणी सांगत नसे. बाईंच्या शिष्यांचा एक छोटा कार्यक्रम ठरला, त्यात आत्याचे नाव होते, आणि आजोबांनी चारचौघांत गायचे नाही असे सांगितले. एवढे मला माझ्या आईकडून कळले. आत्याने त्यावर वाद घातला नाही. तिने शिकवणीच बंद केली आणि पुढे महानगरपालिकेच्या शाळेत तीस-एक वर्षे गणित शिकवले. तानपुरा मात्र घरातून हलू दिला नाही. रविवारी सकाळी ती तो जुळवत बसे, गात नसे. लहानपणी मला ते विचित्र वाटायचे, की हे काका-बाबा वर्तमानपत्र वाचत बसले आहेत आणि आत्या अर्धा-पाऊण तास नुसती खुंट्या पिळते आहे, तारांचा झंकार खुलावा म्हणून जवारीखालचा दोरा सरकवते आहे, आणि मग तारा एकजीव झाल्या की पाच-दहा मिनिटे ऐकून तानपुऱ्याला गवसणी घालते आहे. गाण्याला मनाई होती, जुळवण्याला नव्हती.

मडगावला उतरून खोलीवर सामान टाकले, पातळभाजी आणि पाव खाल्ले आणि दुपारच्या बसने झांबावलीला गेले. कुशावतीच्या काठचे हे दामोदराचे देऊळ शिगम्यातल्या गुलालासाठी प्रसिद्ध आहे. मूळचा हा देव मडगावचा. पोर्तुगीजांच्या काळात त्याला इथे हलवावे लागले. मोगूबाई साधारण नऊ-दहा वर्षांच्या असताना त्यांच्या आईने, जयश्रीबाईंनी, त्यांना या देवळात आणले आणि एका फिरत्या हरिदासाकडून त्यांना गाण्याचे पहिले धडे मिळाले, असे सांगतात. मग १९१३ च्या सुमारास चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत प्रवेश झाला, वर्षभरात आई वारली, ती कंपनीही बसली, आणि या अनाथ मुलीने सातारकर स्त्री संगीत मंडळीत नाटकांतली कामे करीत दिवस काढले. सांगलीत मुक्काम असताना तिचा रियाज जाता-येता कानावर पडला म्हणून जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब आपण होऊन शिकवायला आले, ही गोष्ट आत्या इतक्या वेळा सांगायची की मला लहानपणी ती आमच्याच घरात घडल्यासारखी वाटे.

देवळाचा सभामंडप प्रशस्त आणि थंड होता. दुपारच्या वेळी तिथे दोन बायका फुलांच्या माळा ओवत बसल्या होत्या आणि त्यांच्यापैकी एकीने मला “मुंबयचे?” असे विचारून जवळ बसवून घेतले. मोगूबाईंचे नाव तिला ठाऊक होते, किशोरीताईंचेही, आणि दोघींचा उल्लेख ती गावाकडच्या माणसांबद्दल बोलावे तसा एकेरी करत होती. आत्याला ते खटकले असते, मला आवडले.

शुक्रवार, १९ मे

मडगावहून रिक्षा आणि बस असे करत सांग्याला पोहोचले आणि तिथून एक गाडी ठरवली. चालक स्वतः वाड्याचा, म्हणजे कुर्डीच्या विस्थापितांचे पुनर्वसन जिथे झाले त्या गावांपैकी एकातला होता. त्याचा जन्म गाव बुडाल्यानंतरचा. “बाबांचें घर दाखयतां,” असे म्हणून त्याने गाडी काढली.

साळावली धरणाची योजना गोव्याच्या मुक्तीनंतर काहीच वर्षांत पुढे आली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः येऊन गावकऱ्यांना दक्षिण गोव्याच्या पाण्यासाठी हा त्याग करण्याची विनंती केली होती, हे कुर्डीची जुनी माणसे आजही सांगतात. सत्तरच्या दशकात काम सुरू झाले आणि १९८६ च्या सुमारास सुमारे तीन हजार वस्तीचे हे गाव पाण्याखाली गेले. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी मिश्र वस्ती होती. भातशेती, नारळ, काजू, आंबा, फणस यांनी भरलेले गाव होते. आज मे महिन्यात तिथे जे दिसते ते मात्र मी छायाचित्रांवरून कल्पिले होते त्याहून वेगळे निघाले. मी पडक्या घरांच्या अपेक्षेने गेले होते. भिंती जवळजवळ नाहीतच, जोती आहेत. तांबड्या, भेगाळलेल्या मातीवर घरांचे आराखडे तेवढे उरले आहेत, त्यामुळे ही ओसरी, हे माजघर, ही न्हाणी असे बोट ठेवून सांगता येते. मधूनमधून माडांचे आणि इतर झाडांचे काळे पडलेले बुंधे उभे आहेत. जुना रस्ता अजून रस्ता म्हणून ओळखू येतो आणि त्याच्या कडेने साळावली नदी, धरण नव्हते तेव्हाच्या आपल्या पात्रातून, बारीक धारेने वाहत असते.

सोमेश्वराचे छोटे देऊळ उभे आहे. याच महिन्यात त्याचा उत्सव भरतो आणि गावाचे पांगलेले लोक एका दिवसापुरते परत येतात. ख्रिस्ती कुटुंबेही आपल्या कपेलापाशी, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरापाशी, जमून प्रार्थना करतात. आज तशी गर्दी नव्हती. एक वयस्कर जोडपे छत्री धरून एका जोत्यावर बसले होते आणि डब्यातले काहीतरी खात होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा आजोबांनी “हांगा आमचें घर आशिल्लें” असे सांगून मला बसायला जागा करून दिली. ती त्यांची ओसरी होती आणि त्यांनी माझे स्वागत अगदी ओसरीवर आलेल्या पाहुण्यासारखेच केले. मी कोणाचे घर शोधते आहे हे सांगितल्यावर त्यांनी हात लांब करून एका बाजूचे चौथरे दाखवले आणि मोगूबाईंचे घर त्या अंगाला होते असे म्हणाले. मग आजीबाईंनी त्यांना दुरुस्त केले, की आणखी अलीकडे. दोघांत त्यावरून थोडी बाचाबाची झाली. मोगूबाईंचा जन्म १९०४ चा आणि त्यांनी गाव सोडले ते बालपणीच, म्हणजे या दोघांचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे हा वाद मिटवू शकेल असे आता कोणी नाही.

मी दोन्ही जागा पाहिल्या. पाण्याखाली गेलेले गाव आणि विसरात बुडालेली माणसे यांची सांगड घालण्याचा मोह इथे आलेल्या प्रत्येकाला होत असणार, पण आत्याला असल्या उपमांचा तिटकारा होता. गाण्यावरच्या लेखांत “स्वरांचा धबधबा” असे काही आले की ती कागद बाजूला ठेवी. तेव्हा एवढेच लिहिते, की एका चौथऱ्यावर मी बराच वेळ बसले, ऊन सणसणीत होते, आणि मला तिच्या भांडणाची आठवण येत राहिली.

भांडण लयीचे होते. आत्याचे म्हणणे असे, की जयपूरची गायकी म्हणजे लयीच्या अंगाने पुढे जाणारे गाणे. बंदिशीचे बोल आणि ‘आ’कारातले स्वर ठेक्याशी, म्हणजे तबल्यावरच्या तालाशी, बांधलेले असतात, एक मात्राही रिकामी जात नाही, तालाचे आवर्तन भरत भरत समेवर, म्हणजे त्याच्या पहिल्या मात्रेवर, यायचे असते, आणि माई ते करत तेव्हा मुश्किल लयकारीही श्वास घेण्याइतकी सहज वाटे. किशोरीताईंनी हे सगळे आईकडून घोटून घेतले होते. माई ओळ दोन-तीनदा गात आणि तेवढ्यात ती उचलावी लागे, हे त्यांनीच सांगितलेले आहे. पण अंजनीबाई मालपेकरांसारख्या गुरूंकडून त्यांना दुसरेही काही मिळाले होते, आणि पुढे त्यांनी लय संथ केली, आलापाला मोकळे सोडले, रागाचा भाव हेच गाण्याचे प्रयोजन मानले आणि घराण्यांच्या भिंती मानायचे नाकारले. आत्याच्या लेखी हे घर सोडून जाणे होते. मैफलीत ती उजव्या हाताची बोटे मांडीवर टेकवून मात्रा मोजत असे. किशोरीताईंचा आलाप ठेक्यापासून सुटा झाला की तिची बोटे थांबत, कपाळावर आठी येई. आणि मी वळून पाहिले तर डोळ्यांतून पाणी वाहत असे. “बघ, ठेका सोडला,” असे ती मला त्याच डोळ्यांनी सांगे.

पार्ल्यातल्या एका सकाळच्या मैफलीत तानपुरे जुळवायला फार वेळ लागला, तशी लोकांत चुळबुळ सुरू झाली. किशोरीताईंच्या लहरीपणाबद्दल, रागावण्याबद्दल सगळेच बोलत आणि मागच्या रांगेतले दोघे-तिघे ते तेव्हा बोलत होते. आत्याने मागे वळून त्यांना गप्प केले. घरी येताना मी तिला चिडवले, की तू तर त्यांच्या विरुद्ध पक्षातली. तेव्हा ती लोकलच्या दारापाशी उभी राहून जे बोलली ते मला जवळजवळ शब्दशः आठवते. “आईच्या मागे तानपुरा घेऊन ती तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून हिंडली आहे. माईंना लोक कसं वागवायचे, कुठे उतरवायचे, काय हातावर ठेवायचे, ते तिने बघितलंय. ती रागावते ती माईंच्या वतीने रागावते. रागावू दे तिला.” गोव्याच्या कलावंत घराण्यांतून, म्हणजे देवळांच्या सेवेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या घरांतून, आलेल्या त्या पिढीच्या गायिकांना मैफलीत वाहवा आणि मैफलीबाहेर पायरी दाखवणारे लोक तेव्हा एकच होते. किशोरीताईंनी मानधन, मुक्काम आणि शांतता यांबाबत जी कडक शिस्त लावली तिचे मूळ आईच्या त्या अनुभवात आहे, असे त्या स्वतःही मुलाखतींत सांगत. ज्या बाईला चारचौघांत गाऊ दिले गेले नाही तिला हा राग कळला, आणि तिने तो कोणाच्या वतीने ऐकला हे मला त्या वयात कळले नव्हते. मी तेव्हा कॉलेजात होते आणि ठाण्याला उतरून वडापाव खायचा की नाही याचा विचार करत होते.

परतताना धरणापाशी थांबलो. कुर्डीचे जुने महादेवाचे देऊळ दगड न् दगड सुटा करून इथे आणून पुन्हा उभारलेले आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या बांधकामाला नवी जागा मिळाली याचे कौतुक वाटले. पण हिरवळीच्या मधोमध ते जरा ओशाळल्यासारखे उभे होते. बाजूलाच, डिसेंबरात, आत्या उभी राहिली असणार. तिच्या मैत्रिणींनी काढलेल्या छायाचित्रात मागे धरणाचा सांडवा आहे आणि ती कॅमेऱ्याकडे न बघता पाण्याकडे बघते आहे.

शनिवार, २० मे

आजचा दिवस फोंड्याकडे. मंगेशीला दर्शनाची रांग मोठी होती, म्हणून बाहेरूनच हात जोडले. मास्टर दीनानाथांचे हे गाव आता इतके गजबजलेले आहे की पाच मिनिटेही रेंगाळवत नाही.

केरीला मात्र मुद्दाम गेले, कारण केसरबाई केरकरांना वगळून आत्याचा कोणताही हिशेब पुरा होत नसे. मोगूबाई आणि केसरबाई दोघी गोव्याच्या, दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि त्यांच्या चाहत्यांत उभा दावा. केसरबाईंनी रेडिओवर गायला नकार दिला, तरी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली गेली तिच्यावर त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. “सूर्यमालेबाहेर गेली, पण माझ्या रेडिओवर नाही आली,” असे आत्या म्हणे, आणि यात कौतुक किती व तक्रार किती हे सांगणे कठीण होते. केरी हे झाडीतले शांत गाव आहे. पाहण्यासारखे असे काही मला तिथे सापडले नाही, सोडा प्यायले आणि परतले.

रात्री खोलीवर पंख्याच्या घरघरीत कानात इअरफोन घालून आधी मोगूबाईंचे आणि मग किशोरीताईंचे गाणे ऐकले, आत्याच्या पद्धतीने, बोटे मांडीवर ठेवून. किशोरीताईंचा भूप. या रागाला पाचच स्वर, आणि त्यातल्या एकेका स्वरावर त्या इतका वेळ राहतात की मोजणाऱ्या बोटांना काम उरत नाही. पण मोजत राहिले तर लक्षात येते, की ठेका सुटलेला नसतो. त्या त्याला फार लांबून धरून असतात, आणि समेवर येताना तो दोर एकदम ताणला जातो. आत्याला हे कळत नव्हते असे मला वाटत नाही. गणित शिकवणारी बाई होती ती. माझा अंदाज असा, की तिला तक्रार हवी होती, कारण तक्रार होती तोवर पुढच्या मैफलीला जायला कारण होते, आणि आत्या गेल्यावर ते कारण मी माझ्यापाशी ठेवून घेतले. गेली पाच वर्षे प्रत्येक मैफलीत, प्रत्येक नव्या ध्वनिमुद्रणात, आत्या यावर काय म्हणाली असती हे मी मनात ठरवत असे आणि तिला उत्तर देत असे. आता किशोरीताईंचे नवे गाणे येणार नाही, तेव्हा आत्याचे नवे मतही येणार नाही. एप्रिलपासून मला नेमके कशाचे वाईट वाटते आहे ते या प्रवासात एवढ्या स्पष्टपणे कळले.

रविवार, २१ मे

मडगावहून सकाळची मांडवी एक्स्प्रेस. गर्दी मुंबईकर सुट्टीवाल्यांची, प्रत्येकाच्या पिशवीत काजू आणि फणसाचे साठ. झुआरीच्या पुलावरून गाडी जात असताना मला अचानक तानपुऱ्याची आठवण झाली. आत्या शेवटची वर्षे ठाण्याला काकांकडे राहिली आणि तिच्यामागे तानपुरा तिथेच राहिला. तो मिरजेला पाठवून नीट करून घ्यावा, नवी जवारी काढून घ्यावी आणि माझ्या घरी आणावा असे मनात आले, म्हणून थिवीला गाडी थांबली तेव्हा चुलतभावाला फोन लावला.

“अगं, तो कधीच दिला,” दादा म्हणाला. “आपल्या खालच्या मजल्यावर गाण्याचा क्लास आहे ना, त्या बाईंना. दोन-तीन वर्षं झाली. तुला सांगितलं नव्हतं का?”

सांगितले नव्हते. मी थोडी चिडले, तो ओशाळला, आणि मग मी त्याला विचारले की आता तो तानपुरा कोण वाजवते. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी रोज संध्याकाळी येते, असे तो म्हणाला, आणि फार वेळ नुसते जुळवतच बसते म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनी एकदा तक्रारही केली होती. दादाने त्यांना काय सांगितले ते विचारेपर्यंत पेडण्याचा बोगदा आला आणि फोन तुटला. रात्री दादरला उतरल्यावर त्याला पुन्हा फोन करायचा आहे.